सुटा भाग म्हणजे किती सुटा?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातील दोन यंत्रे एकाच आठवड्यात नादुरुस्त झाली. त्यांपैकी एक खेळणे होते, दुसरे संसारोपयोगी. खेळणे चार वर्षांचे जुने, दुसरे यंत्र सहा वर्षांचे. दोहोंचा रोग मात्र एकच निघाला. आत कोठेतरी बेअरिंग झिजले होते. खेळण्यातील बेअरिंग माझ्या पंधरा वर्षांच्या पुतण्याने सुट्टीच्या दोन दुपारी खर्चून स्वतः बदलले. कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बदलता आले नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे किंवा कारागीर मिळाला नाही म्हणूनही नव्हे. ते बदलता येऊ नये अशीच त्या यंत्राची घडण होती म्हणून.

दुरुस्तीला आलेले गृहस्थ वीस-बावीस वर्षे या धंद्यात मुरलेले. आवाज ऐकूनच त्यांनी निदान केले. बेअरिंग बाजारात काही शे रुपयांना मिळते, हेही त्यांनीच सांगितले. परंतु ज्या प्लास्टिकच्या टबात ते बसविलेले असते, त्या टबाची दोन अर्धुके पूर्वी स्क्रूंनी जोडलेली असत. या यंत्रात ती उष्णतेने एकजीव केलेली होती. तेव्हा टब, आतील पोलादी पिंप आणि बेअरिंगे असा संपूर्ण जोड बदलावा लागेल, असे ते म्हणाले. त्याची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याजवळ जात होती. पुढला हिशेब करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही नवे यंत्र घेतले आणि जुने भंगारवाल्याने वजनावर नेले.

खेळण्याची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती अधिक बोधप्रद आहे. बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोड्याची गाडी येते. ही ती नव्हे. वाळू-मातीतून, उंचसखल जागेतून धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारींना अमेरिकेत 'बगी' म्हणतात. तिची दहास एक या प्रमाणातील, विजेच्या मोटरीवर चालणारी आणि हातातील यंत्राने दुरून हाकली जाणारी प्रतिकृती म्हणजे हे खेळणे. जपानमधील शिझुओका या गावच्या तामिया कंपनीने रेडिओ-नियंत्रित मोटार पहिल्यांदा १९७६ मध्ये आणली आणि १९७९ मध्ये अशा बगी विकावयास आरंभ केला. कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा; लाकडी नमुन्यांवरून ती प्लास्टिकच्या नमुन्यांकडे आणि तेथून मोटारींकडे वळली. १९८४ मध्ये तिने काढलेल्या 'हॉर्नेट' व 'ग्रासहॉपर' या दोन बगींनी अनेक देशांतील मुलांना वेड लावले. त्याच वर्षी अमेरिकेतील टीम असोसिएटेड या कंपनीने 'आरसी१०' ही शर्यतीसाठीच बांधलेली बगी आणली. हे सर्व सांगावयाचे ते एवढ्याचसाठी, की या वस्तू दुकानात तयार मिळत नसत. मिळे ती एक पेटी. तिच्यात पिशव्यांतून भरलेले सुटे भाग आणि एक पुस्तिका असे. गाडी ज्याची त्याने घरी बांधावयाची. पुढे तयार गाड्याही निघाल्या, आज त्याच अधिक खपत असतील. परंतु पेटीची प्रथा मोडलेली नाही. हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा बाजारात आली, तीही पेटीतूनच.

माझ्या पुतण्याची बगी अशाच पेटीतून आलेली, त्याच्या मामाने परदेशातून आणलेली. मैदानावरील धूळ खाऊन तिच्या मागल्या भागातून खरखर येऊ लागली होती व पुढील एक भुजा तडकली होती. जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून आम्ही ती उघडावयास बसलो. आम्ही म्हणजे तो. माझे काम स्क्रू सांभाळण्याचे. त्यासाठी मिसळणाचा एक जुना डबा काढला. त्याच्या सात वाट्यांत सात टप्प्यांचे स्क्रू, चकत्या व पिना ठेवावयाच्या, म्हणजे जोडताना उलट क्रमाने काढता येतात. प्रथम बॅटरी सोडवावयाची, हा नियम. मग वरचे पातळ कवच, चाके, धक्के शोषणारी तेलाची नळकांडी, भुजा आणि शेवटी गिअरची पेटी.

पहिलाच धडा पेचाच्या तोंडाशी मिळाला. जपानी स्क्रूवरील फुली आणि आपल्याकडील नेहमीच्या फिलिप्स स्क्रूवरील फुली दिसावयास सारखी, पण तंतोतंत एक नव्हे. आपला स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात नीट टेकत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. मी माझ्या हत्याराने दोन डोकी खाल्ली. मग पुतण्याने पेटीबरोबर घेतलेले जपानी मापाचे हत्यार काढले आणि "काका, तुम्ही वाट्या धरा" म्हणून मला माझ्या जागी बसविले.

गिअरपेटीच्या दोन अर्धुकांना जोडणारे स्क्रू निघाले, की पेटी शिंपल्यासारखी उघडते. आत मोटरीच्या लहान दातेरी चाकापासून निघालेली गती टप्प्याटप्प्याने मंद व बलवान होत मागल्या आसाकडे जाते. आसाच्या मध्यावर डिफरन्शिअल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक व आतल्या चाकाला कमी फिरू देणारी ही रचना मोटारीच्या अभ्यासक्रमातील मुलांना फळ्यावर समजावून देताना शिक्षकांना घाम फुटतो. येथे ती बोरापेक्षा फार मोठी नसलेली, तळहातावर उघडी होती. एक चाक धरून दुसरे फिरविले की सारे कळते. बेअरिंगे एकेक करून बोटावर फिरवून पाहिली. चांगले बेअरिंग निमूट फिरते. बिघडलेले बोटाला वाळूसारखे लागते. बिघडलेली दोन निघाली. बाहेरून अकरा, आतून पाच आणि रुंदीला चार मिलिमीटर हे या गाड्यांतील एक सर्रास चालणारे माप. ते कोणा एका कंपनीच्या मिरासदारीचे नाही, कोणत्याही चांगल्या बेअरिंगवाल्याकडे मिळू शकते. आम्हांला ते शहरातच मिळाले.

जोडणी ही उकलण्यापेक्षा अवघड, आणि अधिक शिकविणारी. नायलॉनचे दातेरी भाग साबणाच्या पाण्याने व दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने धुवावयाचे. बेअरिंग पाण्यात घालावयाचे नाही. प्लास्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसविताना तो आधी उलटा फिरवावयाचा. जुन्या आट्यात तो पडला की बोटाला किंचित टिचकी जाणवते, मगच सुलटा फिरवावयाचा. तसे न केल्यास तो नवा आटा पाडतो आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होते. धातूत धातूचा स्क्रू जात असेल तेथेच तो न सुटणारा द्रव लावावयाचा, प्लास्टिकवर कदापि नाही. नळकांड्यांत सिलिकॉनचे तेल भरून दट्ट्या सावकाश वरखाली करावयाचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबावयाचे. येथे घाई केली की डावा-उजवा धक्का वेगवेगळा बसतो आणि गाडी उडीनंतर तिरकी पडते. मोटरीचे दातेरी चाक पुढच्या चाकाशी किती घट्ट बसवावे, हे ठरविण्याची युक्ती तर मला विशेष आवडली. दोहोंच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून चाके एकमेकांवर दाबावयाची, स्क्रू आवळावयाचा आणि पट्टी फिरवून काढून घ्यावयाची. राहिलेली फट बरोबर असते.

सर्व जोडून झाल्यावर वाटीत एक पातळ चकती उरली. अशा वेळी आपल्याकडील सर्वमान्य उपाय म्हणजे ती खिडकीतून टाकणे. परंतु पुस्तिकेत प्रत्येक पायरीशेजारी त्या पायरीत लागणाऱ्या स्क्रूंची व चकत्यांची चित्रे त्यांच्या खऱ्या आकारात छापलेली असतात. चकती कागदावर ठेवून पाहिली, ती एका चित्रावर चपखल बसली आणि कोणती पायरी चुकली ते कळले. पेटी पुन्हा उघडावी लागली. अर्धा तास गेला. तडकलेल्या भुजेचा क्रमांकही पुस्तिकेतच होता. तो क्रमांक कळवून ती मागविली.

आता मुद्दा असा, की एका खेळण्याच्या बाबतीत पंधरा वर्षांच्या मुलाला जे मिळते, ते धुलाई यंत्राच्या बाबतीत बावीस वर्षांच्या अनुभवी कारागिराला का मिळू नये? आपले कारागीर कमी पडतात असे मुळीच नाही. नकाशा नाही, भागांची यादी नाही, कंपनीकडून एका शब्दाची मदत नाही, अशा अंधारात आपला कारागीर चाचपडून काम करतो आणि आपण त्याला 'जुगाड' असे कौतुकाचे नाव देतो. हे कौतुक मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. ज्याच्यापासून माहिती दडविली आहे, त्याच्या कल्पकतेची वाहवा करणे म्हणजे दडविणाऱ्याला मोकळे सोडणे होय.

खेळणी करणाऱ्या कंपन्या उदार आहेत, असेही कोणी समजू नये. सुटे भाग विकून त्या चांगला पैसा मिळवितात. एखादी संपूर्ण बगी केवळ सुट्या भागांतून उभी करावयाची म्हटले तर पेटीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येईल. पेटीतील साधी मोटर बहुधा बंद डब्याची असते, तिचे कार्बन ब्रश बदलता येत नाहीत. वेगाचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक खोके बिघडले तर नवेच घ्यावे लागते. आपल्याकडे तर आणखी एक अडचण. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशी खेळण्यांच्या धंद्याला त्याचा लाभ झाला असेल, पण हा नाद त्यामुळे सुखवस्तू घरांपुरताच राहतो, हे मान्य करावयास हवे.

तरीही या कंपन्या प्रत्येक भाग सुटा विकतात, त्याचे कारण शर्यत हे आहे. शर्यतीत गाडी मोडणारच. ती मोडेल हे विकणारा आणि घेणारा दोघेही आधीपासून जाणतात. पुढल्या रविवारपर्यंत भुजा मिळाली नाही, तर चालक त्या पुढल्या रविवारी प्रतिस्पर्धी कंपनीची गाडी घेऊन येईल. शिवाय त्याने गाडी स्वतः बांधलेली असल्यामुळे तिच्यात काय आहे व काय नाही हे तो जाणतो. त्याला फसविणे कठीण. धुलाई यंत्राच्या ग्राहकाची स्थिती नेमकी उलट. टब स्क्रूंचा की एकजीव केलेला, हे त्याला दुकानात दिसत नाही, कोणी सांगत नाही आणि विचारावयाचे असते हेही त्याला ठाऊक नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीच्या १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारातून चांगला माल हद्दपार होऊ लागतो. जो कारखानदार स्क्रूंचा टब करील त्याला खर्च थोडा अधिक येईल, आणि त्या खर्चाचे मोल ग्राहक देणार नाही, कारण ग्राहकाला तो दिसतच नाही. तेव्हा एकजीव टबच टिकून राहतो. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. बाजाराची रचनाच तशी आहे, म्हणून ती कायद्याने बदलावी लागते. (राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची गंमत अशी, की आम्ही घेतलेले नवे यंत्र त्यात मोजले गेले, पुतण्याच्या दोन दुपारी कोठेही मोजल्या गेल्या नाहीत.)

कायद्याच्या बाजूने आपल्याकडे काहीच घडलेले नाही असे नाही. मोटारींचे सुटे भाग स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण अर्थातच अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. पुढे वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरविण्यासाठी २०२४ मध्ये आणखी एक समिती झाली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. हा निर्देशांक विक्रीच्या ठिकाणीच ग्राहकाला दिसावा, ही तिची शिफारस योग्य आहे. पहिला टप्पा मात्र स्मार्टफोन व टॅब्लेट यांच्यापुरता सुचविण्यात आला.

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, कारण सारे तिच्यावर अवलंबून आहे. 'सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत' असे म्हणणे सोपे आहे. परंतु सुटा भाग म्हणजे किती सुटा? माझ्या यंत्राच्या कंपनीला विचारले, तर ती म्हणेल, भाग उपलब्ध आहे. आपणच घेतला नाहीत. आणि ते खोटे ठरणार नाही. टब, पिंप आणि बेअरिंगे मिळून तिच्या दप्तरी एक क्रमांक आहे, म्हणजे एक भाग आहे.

ही शंका केवळ काल्पनिक नव्हे. युरोपीय संघाने धुलाई यंत्रांविषयी मार्च २०२१ पासून लागू केलेले नियम बरेच कडक आहेत. यंत्राची विक्री बंद झाल्यावरही किमान दहा वर्षे सुटे भाग पुरविले पाहिजेत आणि मागणीनंतर कामाच्या पंधरा दिवसांत ते पोहोचले पाहिजेत, असे बंधन त्यांत आहे. भागांची यादीही नावानिशी दिली आहे. पण त्या यादीत पिंप व त्याची बेअरिंगे यांच्यापुढे दोन शब्दांची मुभा आहे, ती अशी, की हे भाग सुटे अथवा एकत्र पुरविता येतील. त्या 'अथवा' या शब्दातून एकजीव टब सुखरूप बाहेर पडतो. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून जो दुरुस्ती निर्देशांक सुरू केला, त्यात दहापैकी गुण देताना भागांची किंमत व वस्तू उकलण्याची सुलभता ही दोन्ही मोजली जात. समोरून कपडे घालण्याची धुलाई यंत्रे पहिल्याच पाच वस्तूंत होती. २०२५ मध्ये त्या यंत्रांसाठी तेथे टिकाऊपणाचा अधिक व्यापक निर्देशांक आला. आपण कोणाची नक्कल करणार असू, तर फ्रेंचांची करावी, कारण बेअरिंगसाठी टबाची किंमत मागणारा तेथे निदान गुण तरी गमावतो.

आपला निर्देशांक स्मार्टफोनकडून घरगुती यंत्रांकडे वळेल तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेत एक प्रश्न स्वतंत्रपणे असावा. ज्या भागांची झीज होणे अटळ आहे, म्हणजे बेअरिंग, रबरी कडी, पट्टा, कार्बन ब्रश, त्यांपैकी प्रत्येक भाग एकट्याने विकत मिळतो काय, आणि दुसरे काही न तोडता तो बसविता येतो काय? याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असेच यावे; 'जोडाच्या रूपात उपलब्ध' हे उत्तर 'नाही' म्हणून धरले जावे. दुसरी मागणी पुस्तिकेची. भागांच्या क्रमांकांसह उकललेल्या यंत्राचे चित्र कंपनीच्या अधिकृत केंद्रापुरते न ठेवता सर्वांना मोफत मिळावे, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलालाही ते वाचता येईल. कंपन्या यावर व्यापारी गुपिताची ढाल पुढे करतील. परंतु यंत्र विकत घेऊन ज्याला ते उघडून पाहता येते, त्या प्रतिस्पर्ध्यापासून हे गुपित राहिलेलेच नसते. ते राहते फक्त ग्राहकापासून आणि त्याच्या गल्लीतील कारागिरापासून. सुरक्षिततेची सबब विजेच्या व बॅटरीच्या भागांपुरती खरी आहे आणि तेवढ्यापुरती ती मानावी. बगीच्या लिथियम बॅटरीविषयी पुस्तिकाही कडक शब्दांत बजावते. पण बेअरिंग बदलल्याने घराला आग लागल्याचे कोणी ऐकलेले नाही.

यामुळे यंत्रे थोडी महाग होतील, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दोन अर्धुकांमध्ये रबरी कडी व वीसेक स्क्रू घालावयाचे, तर कारखान्यात काही रुपये अधिक लागतील. त्या रुपयांची तुलना मात्र आम्ही भंगारवाल्याला दिलेल्या यंत्राशी करावयास हवी. त्याची मोटर चालू होती, पंप चालू होता, दारही नीट लागत होते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांचा भर टाकलेल्या वस्तूचे पुढे काय करावयाचे यावर आहे. चालू मोटर टाकण्याची वेळ का यावी, हा प्रश्न त्यांच्या आधी येतो.

पुतण्याची भुजा पाच आठवड्यांनी आली. पिशवीत एकाऐवजी दोन होत्या, डावी व उजवी. कंपनी ती जोडीनेच विकते. उजवी सध्या डब्याच्या सातव्या वाटीत आहे.